खेळणाऱ्या मुलींचा गुडघाच का दगा देतो? आणि १५ मिनिटांचा सराव तो कसा वाचवू शकतो?

जानेवारी २०१७. सांगलीची स्मृती मानधना ऑस्ट्रेलियात महिला बिग बॅश लीगमध्ये ब्रिस्बेन हीटकडून खेळत होती. स्वतःच्या षटकाचा शेवटचा चेंडू टाकून तो अडवताना ती विचित्र पद्धतीने पडली आणि गुडघ्यातलं एसीएल हे लिगामेंट फाटलं. विश्वचषकाची पात्रता फेरी हुकली. साधारण पाच महिन्यांनी ती थेट विश्वचषकात उतरली. पहिल्याच सामन्यात इंग्लंडविरुद्ध ९० आणि पुढच्या सामन्यात वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १०६ धावा केल्या.

ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण हीच दुखापत शाळेच्या मैदानावर कबड्डी किंवा खो-खो खेळणाऱ्या १५ वर्षांच्या मुलीला झाली, तर तिच्यामागे राष्ट्रीय संघाचे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट नसतात. अनेकदा तिचा खेळ तिथेच थांबतो. त्यातही ही दुखापत मुलांपेक्षा मुलींमध्ये जास्त दिसते. असं का होतं? ती टाळता येते का? समजून घेऊया.

एसीएल म्हणजे नेमकं काय?

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणाऱ्या मजबूत पट्ट्यांना लिगामेंट म्हणतात. त्यातलंच एक म्हणजे एसीएल, अर्थात अँटेरिअर क्रुशिएट लिगामेंट. नडगीचं हाड पुढे सरकू न देणं आणि गुडघा नको तितका पिळू न देणं, ही त्याची दोन मुख्य कामं.

सरळ चालताना त्याच्यावर फारसा ताण येत नाही. पण धावताना एकदम थांबणं, दिशा बदलणं किंवा उडी मारून एका पायावर उतरणं, अशा वेळी सगळा भार त्याच्यावर येतो. म्हणूनच फुटबॉल, बास्केटबॉल, हँडबॉल, कुस्ती, कबड्डी आणि खो-खो या खेळांत ते जपावं लागतं.

एसीएलच्या बहुतेक दुखापती कुणी धडकल्यामुळे होत नाहीत. खेळाडू एकटीच असते, पाय जमिनीत रोवलेला असतो, गुडघा आतल्या बाजूला झुकतो आणि शरीर दुसरीकडे वळतं. हे सगळं एका सेकंदापेक्षाही कमी वेळात घडतं.

मुलींमध्ये हे प्रमाण किती जास्त आहे?

फुटबॉल आणि बास्केटबॉल हे खेळ मुलं आणि मुली जवळपास सारख्याच नियमांनी खेळतात. त्यामुळे तुलना बहुतेक याच खेळांत झाली आहे. आकडा प्रत्येक अभ्यासात वेगळा आहे, पण मुलींमधला धोका साधारण दुप्पट किंवा त्याहून जास्त असल्याचं वारंवार दिसून आलं आहे.

२०२३ च्या महिला फुटबॉल विश्वचषकात याची जगभर चर्चा झाली. इंग्लंडची कर्णधार लीआ विल्यमसन, तिची सहकारी बेथ मीड आणि नेदरलँड्सची विव्हियाने मिडेमा या तिघीही एसीएलच्या दुखापतीमुळे स्पर्धेला मुकल्या. तिघीही तेव्हा आर्सेनल या एकाच क्लबच्या खेळाडू होत्या.

भारतात कुस्तीपटू विनेश फोगाटचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व लढतीत तिचा गुडघा दुखावला आणि तिला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. २०१८ मध्ये तिने आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत तिच्या गुडघ्यावर पुन्हा शस्त्रक्रिया झाली आणि त्या वर्षीची आशियाई स्पर्धा हुकली.

वयात येताना काय बदलतं?

लहानपणी मुलं आणि मुलींच्या गुडघ्यात फारसा फरक दिसत नाही. साधारण १२ वर्षांनंतर वाटा वेगळ्या होतात. उंची आणि वजन दोघांचंही वाढतं. मुलांमध्ये टेस्टोस्टेरॉनमुळे त्याच काळात स्नायूंची ताकदही झपाट्याने वाढते. मुलींमध्ये शरीर वाढतं, पण ते सांभाळणारी ताकद आपोआप तितक्या वेगाने वाढत नाही.

त्याचा परिणाम उडीनंतर जमिनीवर उतरताना दिसतो. बऱ्याच मुली गुडघे कमी वाकवून, ताठ पायांनी उतरतात आणि त्यांचे गुडघे एकमेकांकडे झुकतात. मांडीच्या पुढचा स्नायू जोरात काम करतो, तर मागचा हॅमस्ट्रिंग आणि नितंबाचे स्नायू मागे पडतात. पुढचा स्नायू नडगीला पुढे खेचतो आणि हॅमस्ट्रिंग तिला मागे धरून ठेवतो. हा तोल बिघडला की ताण एसीएलवर येतो.

मुलींचं एसीएल आकाराने लहान असणं, ते ज्या खाचेतून जातं ती अरुंद असणं, कंबरेची ठेवण वेगळी असणं, हीही कारणं सांगितली जातात. पण हाडांची ठेवण बदलता येत नाही. उतरण्याची पद्धत आणि स्नायूंची ताकद मात्र बदलता येते. उपाय तिथेच आहे.

पाळीचा याच्याशी संबंध आहे का?

पाळीच्या चक्रात हार्मोनची पातळी बदलते आणि त्यामुळे लिगामेंट किंचित सैल होऊ शकतात, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. पण कोणत्या दिवसांत धोका जास्त, यावर संशोधकांचं एकमत नाही. फिफाने लंडनच्या किंग्स्टन विद्यापीठात यावर सुरू असलेल्या अभ्यासाला निधीही दिला आहे.

त्यामुळे ‘पाळीत खेळू नकोस, गुडघा जाईल’ असं सांगायला आज कोणताही ठोस आधार नाही.

मग दोष फक्त शरीराचा आहे का?

नाही. २०२१ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये आलेल्या एका लेखात संशोधकांनी हाच प्रश्न उचलला. मुलींच्या शरीरात खोट शोधण्याआधी त्या कोणत्या परिस्थितीत वाढतात आणि खेळतात ते पाहा, असा त्यांचा मुद्दा होता.

मुलगा लहानपणापासून गल्लीत उड्या मारतो, झाडावर चढतो, पुढे जिममध्ये जातो. मुलगी वजन उचलायला लागली की ‘अंग पुरुषी होईल’ असं ऐकवलं जातं. अनेक मुली थेट शाळेच्या संघातच पहिल्यांदा मैदानी खेळ खेळतात. म्हणजे खेळ सुरू होतो, पण त्यासाठी लागणारी ताकद कमवायची संधीच मिळालेली नसते.

बुटांचंही तसंच. युरोपियन क्लब असोसिएशनच्या २०२३ च्या पाहणीत ८२ टक्के अव्वल महिला फुटबॉलपटूंनी बुटांचा त्रास होत असल्याचं सांगितलं. कारण बरेचसे बूट पुरुषांच्या पायाच्या मापावरून बनतात.

१५ मिनिटांचा सराव नेमकं काय करतो?

इथे पुरावा भक्कम आहे. स्वीडनमध्ये १२ ते १७ वर्षांच्या ४,५६४ फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर मोठा अभ्यास झाला. अर्ध्या क्लबमधल्या मुलींनी आठवड्यातून दोनदा १५ मिनिटं ठरावीक वॉर्मअप केला, बाकीच्यांनी नेहमीसारखा सराव केला. २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा वॉर्मअप करणाऱ्या गटात एसीएलच्या दुखापती ६४ टक्क्यांनी कमी होत्या.

त्याआधी २००८ मध्ये नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर फिफाच्या ‘११ प्लस’ या २० मिनिटांच्या वॉर्मअपचा अभ्यास झाला होता. त्यात एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती जवळपास निम्म्याने घटल्या.

स्वीडनच्या वॉर्मअपमध्ये फक्त सहा व्यायाम आहेत:

- एका पायावर उभं राहून गुडघा वाकवणं
- दोन्ही पायांवर बैठका
- पाठीवर झोपून कंबर वर उचलणं
- प्लँक
- एक पाय पुढे टाकून गुडघा वाकवणं, म्हणजे लंज
- उडी मारून नीट उतरणं

मशीन लागत नाही, पैसे लागत नाहीत. नियम एकच: गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहिला पाहिजे, आत झुकता कामा नये. उतरताना पावलांचा आवाज कमी यावा आणि गुडघे वाकलेले असावेत. सुरुवातीला मोबाइलवर समोरून व्हिडिओ काढला, तर चूक मुलीला स्वतःलाच दिसते.

मात्र हे स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात करून उपयोग नाही. ते हंगामभर करावं लागतं. ज्या मुलींनी नियमित केलं त्यांनाच जास्त फायदा झाला, हेही या अभ्यासांत दिसलं.

दुखापत झाली हे कसं ओळखायचं?

गुडघ्यात ‘टक्’ असा आवाज येणं, दोन-चार तासांत सूज चढणं आणि पाय टेकवताना गुडघा सटकल्यासारखं वाटणं, ही एसीएल फाटल्याची नेहमीची लक्षणं आहेत.

आपल्याकडे पहिला सल्ला असतो, ‘मुरगळला असेल, तेल लावून चोळ.’ ताज्या दुखापतीवर चोळल्याने सूज वाढू शकते. लगेच खेळ थांबवा, कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं लावा, क्रेप बँडेज बांधा आणि पाय उशीवर उंच ठेवा. त्यानंतर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. लिगामेंट एक्स-रेत दिसत नाही. त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणजे सगळं ठीक आहे असं नाही. डॉक्टर हाताने गुडघा तपासतात आणि गरज पडल्यास एमआरआय सांगतात.

सूज आठ-दहा दिवसांत उतरते, चालता येतं आणि मुलगी पुन्हा मैदानात जाते. इथेच घोळ होतो. सैल गुडघ्यावर खेळत राहिलं की आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटण्याचा धोका वाढतो.

प्रत्येकीला शस्त्रक्रिया लागतेच असं नाही. खेळ कोणता, वय किती, गुडघा किती सैल आहे यावर ते ठरतं. वाढीच्या वयात हाडांची टोकं अजून वाढत असल्याने शस्त्रक्रियेची पद्धतही वेगळी ठरवावी लागते.

पुन्हा मैदानात कधी?

शस्त्रक्रियेनंतर किमान नऊ महिने, असं आज अनेक तज्ज्ञ सांगतात. २०१६ च्या एका अभ्यासात, परतणं नऊ महिन्यांपर्यंत जितकं लांबवलं, तितकं पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण दर महिन्यामागे जवळपास निम्म्याने घटल्याचं दिसलं. नुसते महिने मोजूनही भागत नाही. दुखापत झालेल्या पायाची ताकद आणि एका पायाने मारलेली उडी दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के असावी, असा एक मापदंड वापरला जातो.

घाईची किंमत मोठी आहे. शस्त्रक्रियेनंतर खेळात परतलेल्या २५ वर्षांखालच्या खेळाडूंपैकी जवळपास चौघांतील एकाला पुन्हा एसीएलची दुखापत होते, त्याच किंवा दुसऱ्या पायाला. त्यामुळे मानधनाचं पाच महिन्यांतलं पुनरागमन शाळकरी मुलींसाठी वेळापत्रक ठरू नये.

महाराष्ट्रात दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. एक स्पर्धा हुकली तर वर्ष जाईल, या भीतीने दुखणं लपवावंसं वाटणं समजण्यासारखं आहे. पण एसीएल फाटलेल्या स्वीडिश महिला फुटबॉलपटूंची १२ वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा त्यांचं सरासरी वय ३१ होतं आणि निम्म्या जणींच्या एक्स-रेत गुडघ्याची संधिवाताची झीज दिसली होती.

फक्त गुडघ्याकडे पाहून चालेल का?

लांब पल्ल्याच्या धावपटूंमध्ये दुसरा धोका असतो, हाडाला बारीक चीर जाण्याचा. सराव भरपूर आणि खाणं कमी असेल तर शरीर आधी पाळी थांबवतं आणि पुढे हाडं कमकुवत होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या स्थितीला ‘रेड-एस’ असं नाव दिलं. सोप्या शब्दांत, शरीराला खेळासाठी पुरेशी ऊर्जाच न मिळणं.

पाळी सलग तीन महिने आली नाही, किंवा १५ वर्षांची झाली तरी सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवायला हवं. ‘सराव जास्त आहे म्हणून पाळी येत नाही, चांगलंच आहे’ हा समज घातक आहे. मैदानावर जाणाऱ्या मुलीला घरात आधी पोटभर जेवण मिळालं पाहिजे.

पालक आणि प्रशिक्षकांनी काय करावं?

जानेवारी २०२५ मध्ये प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी पहिला खो-खो विश्वचषक जिंकला. असं यश पाहून आणखी मुली मैदानात येतात. त्यांच्या पालकांनी प्रशिक्षकांना तीन प्रश्न जरूर विचारावेत. सरावाआधी उडी मारून उतरण्याचा आणि ताकदीचा वॉर्मअप होतो का? आठवड्यातून किती दिवस पूर्ण विश्रांती असते? मुलीने ‘दुखतंय’ म्हटलं तर तिला बसवलं जातं की ‘नाटक करू नकोस’ म्हटलं जातं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर वरचे सहा व्यायाम उद्याच्या सरावापासून सुरू करता येतात. त्यासाठी लागते मोकळी जागा, १५ मिनिटं आणि मुलींचे गुडघे नीट पाहणारं कुणीतरी एक.