आर्डुइनोच्या आधीचे ‘वायरिंग’

१/ इलेक्ट्रॉनिक्सच्या छंदाचा श्रीगणेशा आज बहुधा आर्डुइनोच्या बोर्डावर होतो. पहिला प्रयोग ठरलेला : एक एलईडी लुकलुकवणे. त्याला जेमतेम दहा ओळी पुरतात. या ओळी मुळात कोणाच्या, याचा हा इतिहास. #थ्रेड

२/ मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपमध्ये सामावलेला छोटा संगणक. २००० च्या सुमारास तो हाताळायचा, तर डेटाशीट वाचून रजिस्टरमधील एकेक बिट बदलावा लागे. ‘बेसिक स्टॅम्प’सारखे सोपे बोर्ड होते, पण ते विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडत नसत.

३/ इटलीतील इव्रेया हे ऑलिव्हेत्तीच्या टंकलेखन यंत्रांचे गाव. तेथील इंटरॅक्शन डिझाइन संस्थेत शिकणारे कोलंबियाचे एर्नांदो बार्रागान यांनी २००३ मध्ये पदव्युत्तर प्रबंधासाठी एक प्रकल्प हाती घेतला. त्याचे नाव ‘वायरिंग’. मार्गदर्शक होते मासिमो बान्झी आणि केसी रीस.

४/ अभियंता नसलेल्या डिझायनरालाही चिप वापरता यावी, हा त्यांचा हेतू. रजिस्टरची भानगड पडद्याआड गेली आणि ‘पिनमोड’, ‘डिजिटलराइट’ अशा सुबोध आज्ञा पुढे आल्या : ही पिन आउटपुट आहे, ती आता चालू कर. सोबत बोर्ड आणि प्रोग्राम लिहिण्याचे सॉफ्टवेअरही होते.

५/ २००५ मध्ये बान्झी, डेव्हिड मेलिस आणि दाविद क्वार्तिएयेस यांनी वायरिंगला स्वस्त ‘एटीमेगा८’ चिपची जोड दिली आणि निराळी शाखा काढली. नाव घेतले गावातल्या एका बारचे. त्या बारचे नाव १००२ मध्ये इटलीचा राजा झालेल्या आर्डुइनोवरून पडले होते. या नव्या चमूत बार्रागान नव्हते.

६/ यात कायदा मोडला नव्हता. वायरिंग मुक्तस्रोत होते. आर्डुइनोने वायरिंगचे ऋण नोंदवलेही आहे. शिवाय स्वस्त बोर्ड आणि जगभर पसरलेला वापरकर्त्यांचा समुदाय, हे श्रेय आर्डुइनोचेच. तरीही लोकप्रिय कथनात बार्रागान तळटीपेत गेले. अखेर २०१६ मध्ये त्यांनी आपली बाजू सविस्तर लिहून प्रसिद्ध केली.

७/ मुक्त परवाना वापराचा हक्क देतो. स्मरणाची हमी देत नाही. ते काम इतिहासाचे. प्रबंध लिहिणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट थोडी बोचेल. तुमचा पहिला एलईडी लुकलुकेल, तेव्हा ‘डिजिटलराइट’ हा शब्द एका विद्यार्थ्याच्या प्रबंधातून आला आहे, एवढे ध्यानात असू द्या. (समाप्त)