घरगुती मेपल सिरप: बाटलीतील बुरशी कशी टाळावी?

रात्री पाणी गोठते आणि दिवसा बर्फ वितळतो, अशा फेब्रुवारी ते एप्रिलच्या दिवसांत अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि पूर्व कॅनडात मेपलच्या झाडांतून रस पाझरतो. त्यात साखर जेमतेम 2 टक्के असल्याने 1 लिटर सिरपसाठी सुमारे 40 लिटर रस आटवावा लागतो. एवढ्या खटाटोपानंतर बाटलीत बुरशीचा थर दिसला, तर घनता, भरतानाचे तापमान किंवा झाकण यांपैकी काहीतरी बहुधा चुकलेले असते.

काकवीप्रमाणेच सिरप टिकते ते साखरेच्या घनतेमुळे. ही घनता 66 ते 67 ब्रिक्स असावी. त्याहून पातळ सिरप आंबते वा बुरशी धरते; 69 ब्रिक्सच्या पुढे तळाशी खडे जमतात. पाकाची तार पाहून अंदाज बांधण्याची सवय येथे पुरेशी नाही. पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा 7 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 4 अंश सेल्सिअस, अधिक तापमान गाठल्यावर सिरप तयार होते. उंची आणि हवेचा दाब यांनुसार उत्कलनबिंदू बदलत असल्याने तो त्याच दिवशी पाणी उकळून तपासावा. हायड्रोमीटर अधिक विश्वासार्ह.

सिरप गरम असतानाच गाळून क्षारांचा गाळ काढावा. बाटलीत भरताना तापमान 180 ते 185 अंश फॅरनहाइट (82 ते 85 सेल्सिअस) राखावे. पुन्हा उकळू दिल्यास नवा गाळ तयार होऊन सिरप गढूळ होते. काचेच्या बाटल्या स्वच्छ, कोरड्या आणि आधी गरम केलेल्या असाव्यात. पाण्याचा थेंबही पृष्ठभागावरील घनता कमी करतो. बाटली जवळजवळ काठोकाठ भरावी, नवे झाकण घट्ट लावावे आणि लगेच एक-दोन मिनिटे आडवी ठेवावी. त्यामुळे गरम सिरप झाकणाच्या आतील बाजूस आणि गळ्यास लागून तेथील जंतू मरतात. नंतर बाटल्या एकमेकींना चिकटवून न ठेवता थंड होऊ द्याव्यात.

न उघडलेली बाटली थंड, अंधाऱ्या जागी ठेवावी, उघडलेली फ्रिजमध्ये. फ्रीझरमध्ये सिरप घट्ट गोठत नाही, त्यामुळे दीर्घ साठवणीस तो उत्तम.

बुरशी काढून सिरप पुन्हा उकळण्याची जुनी रीत आहे. मात्र उकळल्याने बुरशी मेली, तरी काही बुरशींची विषद्रव्ये उष्णतेने नष्ट होत नाहीत. त्यामुळे असे सिरप टाकून देणेच सुरक्षित.