विश्लेषण : धनुष्याला ‘साइट’ नसेल तर नेम कसा लागतो? पारंपरिक तिरंदाजीतील अँकर पॉइंट समजून घेताना…

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदके जिंकली. कंपाउंड धनुष्याच्या दोरीत डोळ्यासमोर येणारी बारीक कडी असते आणि पुढे नेम धरण्यासाठी भिंग असते. बांबूच्या साध्या धनुष्याला यातले काहीच नसते. तरीही राष्ट्रीय स्पर्धांच्या ‘इंडियन राऊंड’ प्रकारात असे धनुष्य वापरणारे खेळाडू दूरचे लक्ष्य टिपतात. त्यांच्यासाठी मागच्या साइटचे काम चेहऱ्यावरची एक ठरलेली जागा करते. तिलाच अँकर पॉइंट म्हणतात.

अँकर पॉइंट म्हणजे काय?

दोरी पूर्ण ओढल्यावर ओढणारा हात चेहऱ्याच्या ज्या जागी टेकतो, ती जागा म्हणजे अँकर पॉइंट. बंदुकीला पुढची माशी आणि मागची खाच असते, दोन्ही जुळल्या की नेम ठरतो. साध्या धनुष्यात बाणाचे टोक ही पुढची माशी असते. मागची खाच मात्र धनुष्यावर नसते. डोळा आणि बाणाचे मागचे टोक यांतले अंतर दर वेळी सारखे राहिले, तरच हे गणित जमते. हे अंतर कायम राखण्यासाठी हात दर वेळी त्याच जागी यावा लागतो.

पाच मिलिमीटरने काय बिघडते?

पूर्ण ओढलेल्या स्थितीत बाणाचे मागचे टोक आणि धनुष्याची मूठ यांत साधारण ७० सेंटिमीटर अंतर असते. आज हात नेहमीच्या जागेपेक्षा फक्त ५ मिलिमीटर खाली टेकला, असे समजा. बाणाचा कोन तेवढ्याने वर उचलला जातो. १८ मीटर अंतरावर हा फरक सुमारे १३ सेंटिमीटर होतो. इनडोअर स्पर्धेत याच अंतरावर ४० सेंटिमीटर व्यासाचे लक्ष्य असते आणि त्यातले प्रत्येक वर्तुळ २ सेंटिमीटर रुंदीचे असते. म्हणजे गव्हाच्या दाण्याएवढ्या चुकीने मधोमध जाणारा बाण थेट सहा वर्तुळे वर जातो.

हात मागे-पुढे झाला तरी फरक पडतो. साध्या धनुष्यात एक इंच जास्त ओढले की जोर साधारण दोन ते तीन पाउंडांनी वाढतो. कमी ओढले तर बाण हळू सुटतो आणि खाली पडतो. हात गालापासून बाजूला गेला, तर बाण डावीकडे किंवा उजवीकडे भरकटतो.

नेमकी जागा कोणती?

सर्वांसाठी एकच बरोबर जागा नाही. तीन प्रकार जास्त दिसतात.

ओठांचा कोपरा : पारंपरिक तिरंदाजीत ही जागा सर्वाधिक वापरली जाते. बाणाच्या वर तर्जनी आणि खाली दोन बोटे, अशी पकड असेल तर तर्जनीचे टोक ओठांच्या कोपऱ्यात येते. काही जण सुळ्याच्या दाताचा उंचवटा बोटाला जाणवेल अशी जागा धरतात.

गालाचे हाड : तिन्ही बोटे बाणाच्या खाली ठेवणारे हात थोडा वर आणतात. बाण डोळ्याच्या जवळ येतो, त्यामुळे जवळच्या अंतरावर नेम सोपा वाटतो.

हनुवटीखाली : ऑलिम्पिकच्या रिकर्व्ह प्रकारात ही जागा दिसते. सातारा जिल्ह्यातील सरडे गावचा ऑलिम्पियन प्रवीण जाधव याच प्रकारात खेळतो. तेथे ७० मीटरवर नेम धरायचा असतो आणि पुढे साइट असते. साध्या धनुष्यावर ही जागा वापरली तर बाण डोळ्यापासून बराच खाली राहतो. जवळच्या लक्ष्यावर नेम धरताना टोक लक्ष्याच्या खूप खाली रोखावे लागते.

‘आकर्ण’ ओढण्याचे काय?

मराठीत ‘आकर्ण प्रत्यंचा ओढली’ असे वर्णन येते, म्हणजे दोरी कानापर्यंत ओढली. हा केवळ अलंकार नाही. वसिष्ठांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या धनुर्वेदसंहितेत दोरी कुठवर ओढावी याचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यात केसांच्या मुळापर्यंतची ओढ ‘कैशिक’, कानापर्यंतची ‘वत्सकर्ण’, गळ्यापर्यंतची ‘भरत’ आणि खांद्यापर्यंतची ‘स्कंध’ अशी नावे येतात. लक्ष्य कसे आहे त्यानुसार ओढ निवडावी, हा विचारही त्यात आहे. आजच्या भाषेत ही अँकर पॉइंटचीच यादी म्हणता येईल.

जागा पकडीवरही ठरते. आशियातील अनेक परंपरांत दोरी अंगठ्याने ओढतात. त्या पद्धतीत हात सहज कानाच्या मागे जाऊ शकतो. तीन बोटांच्या पकडीत अंगठ्याचे दोरीवर काहीच काम नसते. एकलव्याच्या गोष्टीत अंगठ्याला एवढी किंमत का, याचे एक साधे उत्तर या फरकात मिळते.

आपली जागा कशी शोधावी?

आधी प्रबळ डोळा कोणता हे पाहावे. दोन्ही हातांच्या पंज्यांत छोटी फट करून तिच्यातून दूरची वस्तू पाहायची आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने वस्तू फटीतच राहते, तो प्रबळ. शक्यतो त्याच बाजूच्या हाताने दोरी ओढावी, म्हणजे बाण डोळ्याच्या रेषेत येतो.

मग हलके धनुष्य किंवा रबराची पट्टी घेऊन आरशासमोर उभे राहावे. डोळे मिटून ओढावे आणि हात सहज कुठे टेकतो ते पाहावे. मान पुढे काढून चेहरा दोरीकडे नेऊ नये, दोरी चेहऱ्याकडे यावी. जागा शक्यतो हाडाजवळची निवडावी, कारण मऊ गालावर हात कमी-जास्त दबतो.

एकाऐवजी दोन खुणा असणे उत्तम. बोट ओठांच्या कोपऱ्यात आणि बाणाचे पीस नाकाच्या टोकाला, किंवा अंगठ्याचे मूळ जबड्याच्या हाडामागे. पहिली खूण चुकली तर दुसरी लगेच जाणवते. एकदा निवडलेली जागा काही आठवडे तरी बदलू नये. रोज नवी जागा वापरली तर चूक जागेची की बाण सोडण्याची, हेच कळत नाही.

ठरलेली जागा का सुटते?

सर्वांत मोठे कारण म्हणजे झेपत नसलेले धनुष्य. पूर्ण ओढून काही सेकंद स्थिर राहता येत नसेल, तर हात जागेवर पोहोचण्याआधीच बाण सुटतो. हळूहळू मेंदूला तशीच सवय लागते आणि लक्ष्य दिसताच बोटे आपोआप उघडतात. तिरंदाज याला ‘टार्गेट पॅनिक’ म्हणतात. अनुभवी खेळाडूंनाही ते गाठते. एक उपाय असा : हलके धनुष्य घ्यायचे, दोन-तीन मीटरवर मोठा गठ्ठा ठेवायचा, लक्ष्याचा कागद काढून टाकायचा आणि केवळ हात जागेवर टेकल्याची जाणीव घेत बाण सोडायचे.

गावात सराव करायचा तर?

असा सराव करायला मोठे मैदान लागत नाही. सुदुंबरेसारख्या मावळातील गावात भाताचा पेंढा सहज मिळतो. घट्ट बांधलेले पेंढ्याचे गठ्ठे हलक्या धनुष्याचे बाण थांबवू शकतात. मात्र गठ्ठ्यामागे मातीचा उंच बांध हवा आणि त्यापलीकडे पायवाट, गोठा किंवा चरणारी जनावरे नसावीत. बाण काढायला सर्वांनी एकाच वेळी पुढे जावे. बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नये, धनुष्य मोडून इजा होऊ शकते. मावळातल्या पावसाळ्यात बांबूचे धनुष्य ओलाव्यापासून जपावे आणि सराव संपला की दोरी उतरवून ठेवावी.

सुरुवातीला बाण मधोमध लागतात का, हे पाहू नये. सगळे बाण एकमेकांजवळ लागतात का, ते पाहावे. बाणांचा पुंजका लक्ष्याच्या कडेला असला तरी चालेल, नेम नंतर सरकवता येतो. बाण चहूकडे विखुरले असतील, तर सर्वांत आधी हात कुठे टेकतो ते तपासावे.