सर्वनामाचा पाठ

पेशवाईच्या उत्तरकाळी पंतोजींच्या शाळेत बसणारे मूल धुळाक्षरे गिरवी, पावकी-निमकी घोकी आणि मोडीचे वळण हाती बसले की दप्तराच्या कामास लायक ठरे. आपल्या बोलीलाही व्याकरण असते, हे त्याला कोणी सांगत नसे, कारण व्याकरण म्हणजे संस्कृताचे, आणि ते पाठशाळेतील शास्त्र्यांच्या स्वाधीन. तथापि नामाची पुनरुक्ती टाळण्याची विद्या त्या काळच्या कुलकर्ण्यास अवगत नव्हती, असे मात्र नव्हे. गावाचे नाव एकदा लिहिल्यावर पुढे तो 'मौजे मजकूर' एवढेच लिही आणि आधी येऊन गेलेल्या बाबीस 'सदरहू' हा शब्द जोडी. कारण नुसत्या 'तो'ने वादी कोण आणि प्रतिवादी कोण, याचा घोटाळा होण्याचा संभव असे.

विल्यम कॅरीने १८०५ साली श्रीरामपुरास छापलेले मराठीचे व्याकरण इंग्रजीत होते आणि ते कंपनीच्या अंमलदारांकरिता होते. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' निघाले, तेव्हा कोठे हा विषय मराठी विद्यार्थ्यांपुढे मराठीतून आला. पाणिनीने सर्वनामे सांगितली ती 'सर्व'पासून आरंभ होणाऱ्या शब्दांचा एक गण म्हणून, त्यांच्या विशिष्ट विभक्तिरूपांसाठी. 'नामाऐवजी येणारा शब्द' ही शाळेत रूढ झालेली व्याख्या इंग्रजी व्याकरणांच्या वळणाची आहे.

ही व्याख्या मुले चटकन पाठ करतात, परंतु ती अपुरी आहे. 'मी भुकेला आहे' असे म्हणणारे मूल कोणत्याही नामाची जागा भरून काढीत नसते. उलट 'गोविंदाने गोविंदाची पाटी गोविंदाच्या दप्तरात ठेवली' हे वाक्य फळ्यावर लिहून ते सुधारण्यास सांगावे, म्हणजे कोणी 'त्याची पाटी' म्हणेल, कोणी 'आपली पाटी'. आणि पहिल्या उत्तराने पाटी दुसऱ्याच मुलाची झाली, हे वर्गातील मुलेच हसून दाखवून देतील. मराठीत सर्वनामे नऊ, त्यांत लिंगानुसार बदलणारी 'तो', 'हा' आणि 'जो' ही तीनच, हा हिशेब त्यानंतर सांगितला तर तो ध्यानात राहतो. गुरुजींबद्दल 'तो' न म्हणता 'ते' म्हणावे, हे तर मूल घरूनच शिकून आलेले असते.

म्हणून शिक्षकाने प्रयोग आधी शिकवावा आणि व्याख्या मागाहून. या पाठाचा योग्य क्रम हाच होय.