चढलेला रंग उतरत का नाही?

आजची गोष्ट सुरू होते एका बाथरूममध्ये. २०२२ साली मी प्रोजेक्टसाठी मँचेस्टरला होते. तिथल्याच एका मुलीबरोबर घर शेअर करायचे. एका रविवारी रात्री बघते तर ही बाई टबच्या कडेला बसून भांड्यांच्या स्क्रबरने हात घासतेय! शुक्रवारी पार्टीसाठी सेल्फ-टॅन लावलेलं, म्हणजे उन्हात न बसता त्वचा सावळी करणारं क्रीम. हातमोजे घातले नव्हते, त्यामुळे तळवे पार नारिंगी. आणि सोमवारी सकाळी तिच्या आजीचा अंत्यविधी. "या हातांनी नॅनला निरोप देऊ?" म्हणाली आणि रडायलाच लागली.

गंमत म्हणजे ही नॅनसुद्धा रंग लावणाऱ्यांपैकीच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १९४१ पासून कपड्यांचं रेशनिंग होतं. रेशमी मोजे मिळेनात. मग मुली पायांना चक्क ग्रेव्ही ब्राउनिंग फासायच्या, म्हणजे रस्सा गडद करायचा तपकिरी रंग. पोटरीवर मोज्याची शिवण दिसावी म्हणून भुवयांच्या पेन्सिलीने रेघ. नॅनची रेघ तिची धाकटी बहीण ओढून द्यायची म्हणे. पाऊस आला की सगळं ओघळायचं, पण घरी येऊन साबण लावला की विषय संपला.

मग नातीचा रंग का जाईना? त्याचं उत्तर अमेरिकेत, सिनसिनाटीच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये आहे. १९५०च्या दशकात ईव्हा विट्गेनस्टाइन ही संशोधक तिथे ग्लायकोजेनच्या एका आजारावर काम करत होती. मुलांना डायहायड्रॉक्सीअ‍ॅसिटोन नावाची एक साधी साखर पाजायचे. थोडक्यात डीएचए. ते कधी अंगावर सांडायचं, आणि काही तासांनी तिथली त्वचा तपकिरी व्हायची. कपड्यांवर मात्र डाग नाही! तिने ते द्रावण स्वतःच्या त्वचेवर लावून पाहिलं. रंग आला, आणि धुऊन गेला नाही. १९६० साली 'सायन्स'मध्ये हे छापून आलं, त्याच सुमारास बाजारात क्रीमही आली. सुरुवातीची फारच नारिंगी आणि पट्टेदार.

म्हणजे हा रंग बाटलीत नसतोच. साखर आणि त्वचेतली अमिनो आम्लं यांची प्रक्रिया होऊन तो तिथेच बनतो. पाव भाजताना वरचा पापुद्रा तपकिरी होतो ना, त्याच जातीची प्रक्रिया. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मेयार याने १९१२ मध्ये मांडलेली. ग्रेव्हीचा रंग म्हणजे स्क्रीनवरचा स्टिकर, आणि हा थेट प्रॉडक्शनमध्ये पुश केलेला कोड. अनडू नाही. फक्त हे सगळं घडतं त्वचेच्या सगळ्यात वरच्या, मेलेल्या थरात. तो थर झडला की रंग गेला, साधारण आठवडाभरात. तळवे, कोपरं, गुडघे इथे हा थर जाड, म्हणून तिथे रंग जास्त धरतो.

अर्थात मला त्या रात्री यातलं काही माहीत नव्हतं. मला आठवली मेंदी. तीही तळव्यावरच सगळ्यात जास्त रंगते आणि साबणाला दाद देत नाही. भारतात पहाटेचे चार वाजले होते, तरी आईला फोन लावला. "अगं, तेल चोळ, कोमट पाण्यात हात बुडवून ठेव, मग मऊ फडक्याने हळूहळू पूस. लिंबू-बिंबू नको, आग होईल. आणि ती घासणी आधी काढून घे तिच्या हातातून!"

स्क्रबरने तोवर दोन ठिकाणी साल निघालं होतं. खोबरेल तेल, टबात अर्धा तास, फडकं, पुन्हा तेल. रात्री एकपर्यंत हेच चाललं होतं. नारिंगीचा पिवळट झाला, हळदीचे हात दुसऱ्या दिवशी दिसतात तसा. त्यापुढे तो ढिम्म हलेना. उरलेला पुढच्या शनिवारपर्यंत आपला आपण गेला.

सोमवारी संध्याकाळी ती घरी आली. चर्चमध्ये कुणाचं लक्षही गेलं नाही म्हणे, एक सोडून. नॅनच्या त्या धाकट्या बहिणीने तिचा हात हातात घेतला, उलटा-पालटा करून पाहिला आणि विचारलं, "पाऊस आला होता का गं?"