बारा फोटोंचा रोल

यंदा दिवाळीत दारव्ह्याला आजीकडे गेलो होतो. पुणे ते यवतमाळ रात्रभर ट्रॅव्हल्सने, म्हणजे पाठीचा भुगा. पण ते असो. माळा आवरताना बुटाच्या खोक्यात आजोबांनी काढलेले फोटो सापडले. दीडशेक असतील. चौकोनी, काळे-पांढरे, काहींना वाळवीने चाखलेलं.

आजोबा शाळेत मास्तर. हौस एकच, फोटोची. कॅमेरा ॲग्फा क्लिक थ्री. तुमच्या घरातही कुणाकडे तरी असेलच! बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये तो तयार व्हायचा. १२० चा रोल, एका रोलमध्ये १२ फोटो. फोकसची भानगडच नाही. ऊन आहे की ढग आहेत एवढं बघायचं आणि खटका दाबायचा. १९०० साली कोडॅकने एक डॉलरचा ब्राउनी काढून सामान्य माणसाच्या हातात कॅमेरा दिला, क्लिक थ्री त्याच खानदानातला. आजी सांगते की एक रोल सहा-सहा महिने पुरवायचे.

खोक्यात सगळ्यात जास्त फोटो शकुंतलेचे. यवतमाळ-मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची नॅरोगेज लाईन. रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या लाईनवर न्यायचा, तिथून मुंबई आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्या, असा किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीचा हिशोब होता. देशातल्या बाकी रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, पण ही लाईन कंपनीच्याच मालकीची राहिली. गाड्या सरकार चालवायचं आणि कंपनीला मोबदला द्यायचं! वाफेचं इंजिन थेट १९९४ पर्यंत टिकलं, मग डिझेल आलं. आता गाडी बंद होऊनही बरीच वर्षं झाली.

मी २००८ मध्ये नवाकोरा डिजिटल कॅमेरा घेऊन खास शकुंतलेसाठी आलो होतो. हार्ड डिस्क उघडून मोजले, ४१२ फोटो निघाले. इंजिन, रूळ, गंजलेला सिग्नल, रुळांत उगवलेलं गवत, पुन्हा रूळ. सूर्यास्त तर विचारूच नका. लॅपटॉप आजीपुढे ठेवला. दहा-बारा फोटो बघून ती म्हणाली, "अरे बाबू, मानूस नाही दिसून राहिला याच्यात एकबी! गाडीत कोनी बसे नाही का?"

बसायचे ना. डबा भरून बसायचे. मीच ते उतरून बाजूला होईपर्यंत थांबत होतो, कारण मला 'क्लीन फ्रेम' हवी होती.

आजोबांच्या शकुंतलेत इंजिन जवळजवळ नाहीच. खिडकीतून पोर बाहेर देणारी बाई आहे. दारात टोपल्या रचून बसलेले दोघं आहेत. एका फोटोत धोतरवाला म्हातारा थांबलेल्या गाडीखालच्या सावलीत चक्क झोपलाय.

कळंबच्या चिंतामणीचंही तेच. हे देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. आतल्या अंधारात क्लिक थ्रीला काही दिसणं शक्यच नव्हतं. म्हणून आजोबांचा कळंबचा प्रत्येक फोटो वरच्या पायरीवरचा, दर्शन घेऊन उन्हात डोळे मिचकावत बाहेर येणाऱ्या माणसांचा. म्हणजे थोडं श्रेय त्या स्वस्त भिंगालाही द्यायला हवं.

१९७३ मध्ये यवतमाळला साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष ग. दि. माडगूळकर. आजोबा गेले होते. मी गदिमांचा फोटो शोधत बसलो, पण त्या कॅमेऱ्याला लांबचं व्यासपीठ कुठलं झेपायला! सापडला तो मंडपाबाहेरचा. सायकलींची रांग, आणि तीन मास्तर, एकाच्या काखेत पुस्तकांची पिशवी.

पुन्हा यवतमाळला संमेलन भरलं ते जानेवारी २०१९ मध्ये, अरुणा ढेरे अध्यक्ष. मी झूम लेन्स घेऊन हजर. नयनतारा सहगल यांना दिलेलं उद्घाटनाचं निमंत्रण मागे घेतल्यामुळे आधीच रण पेटलं होतं, आणि शेवटी उद्घाटन केलं शेतकरी कुटुंबातल्या वैशाली येडे यांनी. प्रेक्षकांतल्या काही बायकांनी सहगल यांचे मुखवटे घालून निषेध केला. त्या दिवसाचा खरा फोटो तोच. आणि मी? मी व्यासपीठावरच्या रोषणाईचा व्हाइट बॅलन्स जुळवत होतो. मुखवटे बघितले ते दुसऱ्या दिवशी, बातमीत. :-)

तर आता खोक्याचं काय करायचं. थोड्याच फोटोंच्या मागे पेन्सिलीने साल आणि गाव लिहिलंय, नावं कुठेच नाहीत. आजोबांना सगळे ठाऊक होते, कशाला लिहितील! मी आजीशेजारी बसलो, तिने एकेक फोटो डोळ्याजवळ धरला. टोपलीवाल्यांपैकी एक लाडखेडचा, लग्नसराईत आंबे आणून द्यायचा. पोर देणारी बाई तिच्या मावसबहिणीची जाऊ. पिशवीवाले मास्तर पुढे हेडमास्तर झाले. सावलीत झोपलेला म्हातारा तिला ओळखता आला नाही. बराच वेळ तोच फोटो हातात होता.

दोन दिवसांत चाळीस फोटो झाले. शंभरेक उरलेत. आजी ८७ वर्षांची आहे, उजव्या डोळ्याने जवळपास दिसत नाही. सगळे स्कॅन करून घेतलेत, म्हणजे लॅपटॉपवर चेहरा मोठा करून दाखवता येईल. पुढच्या शुक्रवारची सुट्टी टाकली आहे. मॅनेजरला कारण सांगितलं, फॅमिली इमर्जन्सी.