महाडचा दावा आणि काळ्या दगडाचे न्यायमंदिर

१/ मुंबई उच्च न्यायालयाची इमारत १८७८ साली पूर्ण झाली. जेम्स फुलर यांनी गॉथिक शैलीत रचलेली ही काळ्या दगडाची वास्तू ५६२ फूट लांब आहे. पश्चिमेकडील दोन अष्टकोनी मनोऱ्यांवर न्याय आणि दया यांच्या मूर्ती आहेत. या दोन्ही मूल्यांची कसोटी पाहणारा एक दावा महाडच्या छोट्या दिवाणी न्यायालयातून येथवर आला.

२/ २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्याले. १२ डिसेंबरला काही सवर्णांनी महाडला दावा लावला. तळे खासगी असून अस्पृश्यांना तेथे मज्जाव करण्याची जुनी वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दोनच दिवसांत तात्पुरता मनाईहुकूम निघाला. बाबासाहेबांनी तो पाळला आणि पुढची लढाई न्यायालयात लढली.

३/ महाडला १९३१ मध्ये आणि ठाण्याला १९३३ मध्ये दावेदार हरले. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयानेही त्यांचे अपील फेटाळले. ही वहिवाट अनादी काळापासून चालत आल्याचे त्यांना सिद्ध करता आले नव्हते.

४/ ओंजळभर पाण्याचा हक्क कायद्याने मान्य व्हायला दहा वर्षांना तीन दिवस कमी, इतका काळ लागला.